राजपुत्र जोसाफात : एका वैराग्यकथेचा विश्वसंचार



जगाच्या इतिहासात काही घटना अशा आहेत की, त्या कादंबरीत घातल्या तर वाचक लेखकाला दोष देईल आणि म्हणेल, असे कधी घडत नसते. परंतु त्या घडलेल्या असतात, आणि जुन्या पोथ्यांची पाने त्यांची साक्ष देत असतात. अशाच एका घटनेचा वृत्तांत आज सादर करावयाचा आहे. ती ना लढाईची आहे, ना राज्यक्रांतीची. ती एका कथेच्या प्रवासाची आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोमन कॅथलिक चर्चने आपल्या संतांची आणि हुतात्म्यांची एक दिनवार नामावली सिद्ध केली. तीत २७ नोव्हेंबर ह्या दिवशी बार्लाम आणि जोसाफात अशी दोन नावे आढळतात, आणि इराणच्या सीमेलगतच्या हिंदुस्थानातील हे संत, अशी त्यांची ओळख दिलेली आहे. ग्रीक चर्चमध्ये जोसाफाताचा स्मरणदिन २६ ऑगस्ट हा होता. पोपने रीतसर चौकशी करून ह्या दोघांस संतपद दिले होते असे नाही. परंतु शतकानुशतके लोकांनी त्यांना संत मानले, त्यांच्या नावे प्रार्थना केल्या, त्यांची चरित्रे धर्मग्रंथांच्या जोडीने वाचली. हा जोसाफात कोण? हा जोसाफात म्हणजे कपिलवस्तूचा राजपुत्र सिद्धार्थ, भगवान गौतम बुद्ध होय. सुमारे सहाशे वर्षे ख्रिस्ती युरोप बुद्धचरित्राचे भक्तिभावाने श्रवण करीत होता, आणि आपण कोणाचे चरित्र ऐकत आहोत ह्याची त्याला कल्पनाही नव्हती.

प्रथम युरोपात ही कथा ज्या रूपाने सांगितली जाई ते रूप पाहणे इष्ट आहे. हिंदुस्थानात अबेनेर नावाचा एक बलाढ्य राजा होता. तो मूर्तिपूजक होता आणि ख्रिस्ती वैराग्यांचा द्वेष्टा होता. त्याला फार दिवसांनी पुत्र झाला. ज्योतिषी जमले आणि त्यांनी राजवैभवाचे भविष्य वर्तविले. परंतु त्यांतील एकाने सांगितले की, ह्या बालकाचे थोरपण ह्या राज्यातले नव्हे, निराळ्याच राज्यातले आहे. तो वैराग्यांचा धर्म स्वीकारील. राजा घाबरला. त्याने एक रम्य प्रासाद बांधविला, तरुण आणि सुंदर सेवक नेमले, आणि रोग, जरा, दारिद्र्य, मृत्यू ह्यांचा उच्चारही राजपुत्राच्या कानी पडू नये अशी आज्ञा केली. राजपुत्र वाढला, त्याने बाहेर जाण्याची परवानगी मागितली, आणि एके दिवशी त्याला वाटेत एक रोगजर्जर मनुष्य व एक आंधळा दिसला. पुढे दुसऱ्या एका दिवशी दात पडलेला, पाठ वाकलेला, अडखळत बोलणारा म्हातारा दिसला. ‘हे सर्वांनाच होते काय? मलाही होईल काय?’ असे त्याने विचारले, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचे सुख संपले. मग बार्लाम नावाचा एक तपस्वी रत्नपारखी व्यापाऱ्याच्या वेषाने वाड्यात शिरला. आपल्यापाशी एक अमूल्य रत्न आहे, असे त्याने सांगितले. ते रत्न म्हणजे धर्मोपदेश. राजाने पुत्राचे मन वळविण्यासाठी वादविवाद करविले, सुंदर स्त्रियांची योजना केली, अर्धे राज्य देऊन पाहिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी राजा स्वतःच पुत्राच्या मार्गास लागला, आणि त्याच्या मृत्यूनंतर जोसाफाताने राज्य दुसऱ्याच्या हवाली करून अरण्य जवळ केले.

ललितविस्तर किंवा अश्वघोषाचे बुद्धचरित ज्यांनी वाचले आहे, त्यांना येथे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. ज्योतिषाचे भविष्य, शुद्धोदनाची धास्ती, भोगांची तटबंदी, नगराबाहेरची ती दर्शने, रूपवती स्त्रियांचा व्यर्थ प्रयत्न आणि महाभिनिष्क्रमण. सगळा सांगाडा तोच आहे. बदलली आहे ती नावे, आणि बदलला आहे तो उपदेशाचा शेवट.

आता प्रश्न असा की, हे घडले कसे? कोणी एका लबाड माणसाने बुद्धाचे चरित्र चोरून त्यावर ख्रिस्ती नाव चिकटविले काय? तसे मुळीच घडलेले नाही. ही कथा हातोहात गेली, आणि प्रत्येक हाताला ती आपलीच वाटली.

मध्य आशियातील तुर्फान येथे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन संशोधकांना वाळूत गाडलेल्या पोथ्यांचे असंख्य तुकडे सापडले. त्यांत मानी ह्या इराणी धर्मसंस्थापकाच्या अनुयायांचे लेख होते. तिसऱ्या शतकातील हा मानी बुद्ध, जरथुष्ट्र आणि येशू ह्या तिघांनाही आपले पूर्वसूरी मानीत असे. तेव्हा त्याच्या अनुयायांनी बुद्धाच्या कथा आदराने जपाव्यात ह्यात नवल नाही. ह्या तुकड्यांत फारसी पद्यातील काही ओळी निघाल्या. त्या दहाव्या शतकातल्या असून त्यांत आपल्या कथेतील वैरागी आणि राजपुत्र ह्या दोघांची नावे आहेत. हेनिंग ह्या पंडिताने त्या १९६२ मध्ये प्रसिद्ध केल्या. रेशमी वस्त्रांच्या व्यापारी मार्गावरून ही कथा पश्चिमेकडे चालत गेल्याची ही पाऊलखूण होय.

त्यापुढचा टप्पा बगदादचा. आठव्या-नवव्या शतकांत अब्बासी खलिफांच्या त्या राजधानीत ग्रीक, इराणी आणि भारतीय ग्रंथांच्या भाषांतराचा मोठा उद्योग चालू होता. खलिफांचे बर्मकी वजीर मूळचे बाल्ख नगरीचे. त्यांचे पूर्वज तेथील नवविहार ह्या बौद्ध विहाराचे प्रमुख होते, आणि ‘बर्मक’ हा शब्दही संस्कृत ‘प्रमुख’ ह्यापासूनच आला असे विद्वान मानतात. अशा वातावरणात ‘बिलौहर आणि बुदासफ ह्यांचे पुस्तक’ अरबीत तयार झाले. इब्न अल्-नदीम ह्याने इ. स. ९८७ च्या सुमारास अरबी ग्रंथांची जी मोठी सूची रचली, तीत ह्या पुस्तकाची नोंद आहे. ह्या अरबी ग्रंथातला उपदेश मुख्यतः जगाच्या नश्वरतेचा आणि त्यागाचा आहे. त्यामुळे तो कोणत्याही धर्माच्या मनुष्याने वाचला तरी त्यास परका वाटू नये असाच होता.

‘बुदासफ’ म्हणजे ‘बोधिसत्त्व’. हे नाव इराणी भाषांच्या तोंडून अरबीत येताना थोडे झिजले, तरी ओळखता येते. पुढे मात्र एक मोठी गंमत झाली. अरबी लिपीत शब्दाच्या आरंभी येणारी ‘ब’ आणि ‘य’ ही अक्षरे आकाराने एकच असतात. फरक असतो तो बिंदूंचा. ‘ब’च्या खाली एक बिंदू, ‘य’च्या खाली दोन. लेखनिकाच्या बोरूतून एक बिंदू अधिक पडला, अथवा वाचणाऱ्याच्या डोळ्यास एकाचे दोन भासले, आणि ‘बुदासफ’चा ‘युदासफ’ झाला. जॉर्जियन भाषेत त्याचा ‘इओदासाफ’, ग्रीकमध्ये ‘इओआसाफ’, आणि लॅटिनमध्ये ‘जोसाफात’. बायबलातील एका प्राचीन यहुदी राजाचे नाव जोसाफात असेच होते. त्यामुळे हे नाव युरोपीय कानांना परके वाटले नाही. एका बिंदूच्या फरकाने बोधिसत्त्वाचे नाव झाकले गेले ते शेकडो वर्षे उघडे झाले नाही.

बगदादहून कथा काकेशस पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या जॉर्जिया देशात गेली. नवव्या-दहाव्या शतकांत तेथील ख्रिस्ती साधूंनी अरबीवरून तिचे जॉर्जियन रूपांतर केले, आणि येथे प्रथमच वैरागी व राजपुत्र हे दोघेही ख्रिस्ती झाले. ह्या जॉर्जियन ग्रंथाची विस्तृत पोथी जेरुसलेमच्या ग्रीक धर्मपीठाच्या ग्रंथालयात सापडली. इलिया अबुलाद्झे ह्यांनी ती १९५७ मध्ये छापून प्रसिद्ध केली. ती उपलब्ध झाल्यामुळे मधला तुटलेला दुवा सांधला गेला.

जॉर्जियनवरून ग्रीक भाषांतर कोणी केले ह्यासंबंधी दीर्घकाळ वाद होता. आठव्या शतकातील दमास्कसचा संत जॉन हा त्याचा कर्ता, असे परंपरा सांगत असे. आता विद्वानांचे बहुमत युथिमियस ह्या जॉर्जियन साधूकडे झुकले आहे. ग्रीस देशात समुद्रात शिरलेल्या एका डोंगराळ भूशिरावर अॅथॉस नावाचा पर्वत आहे. तेथे केवळ साधूंचेच मठ आहेत. त्यांपैकी इव्हिरोन हा जॉर्जियन साधूंचा मठ दहाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झाला. युथिमियसाचा पिता त्याच्या संस्थापकांपैकी एक. युथिमियस लहानपणी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओलीस म्हणून राहिलेला, त्यामुळे दोन्ही भाषा त्याला अवगत. त्याने पुष्कळ ग्रंथांचे भाषांतर केले व तो १०२८ मध्ये दिवंगत झाला. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांनी, १०४८ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल येथे ह्या कथेचे लॅटिन भाषांतर झाले आणि पश्चिम युरोपचे दार तिला उघडले.

ग्रीक रूपांतराच्या पोटात आणखी एक आश्चर्य दडलेले होते. कथेत राजा अबेनेर एक कपट करतो. नाखोर नावाच्या मनुष्याला तो बार्लामचा वेष देतो आणि भरसभेत वादात मुद्दाम हरावयास सांगतो. परंतु नाखोर बोलावयास उभा राहतो तो अशा तेजाने धर्माचे मंडन करतो की राजाचाच डाव त्याच्यावर उलटतो. हे भाषण पिढ्यान्पिढ्या लोक वाचीत आले होते. १८८९ मध्ये सिनाई पर्वतावरील मठात रेंडेल हॅरिस ह्या इंग्रज संशोधकास अॅरिस्टायडीझ नावाच्या अथेन्सच्या तत्त्वज्ञाचा एक ग्रंथ सीरियाक भाषेत सापडला. दुसऱ्या शतकात रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती धर्माची बाजू मांडण्यासाठी लिहिलेला हा ग्रंथ नष्ट झाला असेच सर्वजण समजत होते. त्याचे भाषांतर वाचताना आर्मिटेज रॉबिन्सन ह्या दुसऱ्या विद्वानाच्या ध्यानी आले की, हा मजकूर आपण पूर्वी कोठेतरी वाचला आहे. शोध घेता तो सापडला नाखोराच्या भाषणात! हरवलेला ग्रंथ हरवला नव्हताच. तो जोसाफाताच्या कथेत सुखरूप बसून होता. ख्रिस्ती धर्माचे एक अतिप्राचीन समर्थन बुद्धकथेच्या पेटीत जतन होऊन राहिले, ह्याहून विलक्षण योग कोणता असेल?

ह्या कथेबरोबर काही भारतीय दृष्टान्तही दूर देशी गेले. त्यांतील एक महाभारताच्या स्त्रीपर्वातला आहे. कुरुक्षेत्रीचा संहार होऊन गेला आहे, शंभर पुत्रांच्या शोकाने धृतराष्ट्र विव्हळ झाला आहे, आणि त्या वेळी विदुर त्याला संसाराचे स्वरूप सांगतो. एक ब्राह्मण घोर अरण्यात वाट चुकतो. श्वापदांच्या भयाने धावता धावता वेलींनी झाकलेल्या विहिरीत पडतो आणि वेलींतच गुंतून खाली डोके वर पाय असा लोंबकळत राहतो. तळाशी महासर्प आहे. काठावर सहा मुखांचा आणि बारा पायांचा प्रचंड हत्ती आहे. ज्या आधारावर तो लटकला आहे त्याची मुळे काळे आणि पांढरे उंदीर कुरतडीत आहेत. अशा स्थितीत वरच्या पोळ्यातून मधाचे थेंब ठिबकतात, आणि तो मनुष्य ते चाटीत राहतो. त्याची तृप्ती होत नाही आणि जगण्याची आशाही सुटत नाही. हत्ती म्हणजे सहा ऋतूंचा व बारा महिन्यांचा संवत्सर, सर्प म्हणजे काळ, उंदीर म्हणजे दिवस आणि रात्री, मध म्हणजे विषयसुख, असा उलगडा विदुर करतो. जैन ग्रंथांत हाच दृष्टान्त ‘मधुबिंदू’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे.

हाच दृष्टान्त बार्लाम जोसाफाताला सांगतो. तेथे हत्तीच्या जागी एकशिंगी पशू आला आहे आणि तो मृत्यूचे प्रतीक झाला आहे. परंतु विहिरीसारखा खड्डा, काळा व पांढरा उंदीर आणि मधाचे थेंब ही जशीच्या तशी आहेत. इटलीतील पार्मा नगरात बाप्तिस्म्यासाठी बांधलेले एक सुंदर अष्टकोनी मंदिर आहे. त्याचे काम ११९६ मध्ये सुरू झाले. त्याच्या एका दारावर बेनेदेत्तो आंतेलामी ह्या शिल्पकाराने एक दृश्य कोरले आहे: झाडावर एक मनुष्य बसला आहे, त्याच्या हाताशी मधाचे पोळे आहे, बुंध्याशी दोन प्राणी मुळे कुरतडीत आहेत, आणि खाली अग्नी ओकणारा सर्प वाट पाहत आहे. विदुराने हस्तिनापुरात सांगितलेला दृष्टान्त इटलीच्या दगडावर असा उमटला. ते शिल्प आजही तेथे पाहावयास मिळते.

दुसरा दृष्टान्त पेट्यांचा. एक राजा रस्त्याने चाललेल्या फाटक्या वस्त्रांतील तपस्व्यांना रथातून उतरून दंडवत घालतो. दरबारी मंडळींना ते रुचत नाही. मग राजा चार पेट्या करवितो. दोन सोन्याने मढवून त्यांत सडकी हाडे भरतो. दोन डांबराने माखून त्यांत रत्ने व सुगंधी द्रव्ये ठेवतो. आणि दरबाऱ्यांना निवड करावयास सांगतो. ते अर्थात सोन्याला भुलतात. अशोकाविषयीच्या बौद्ध आख्यायिकांतही, राजाने भिक्षूंना वंदन केले म्हणून नाराज झालेल्या यशस् नावाच्या अमात्याची अशीच कानउघाडणी केलेली आहे. पेट्यांची ही कथा अनेक संग्रहांतून फिरत इंग्लंडात पोचली, आणि ‘व्हेनिसचा व्यापारी’ ह्या शेक्सपिअरच्या नाटकात पोर्शियाचे वर जेथे सोने, रुपे व शिसे ह्यांच्या पेट्यांतून निवड करतात, त्या प्रसंगाच्या मुळाशी जाऊन बसली.

तेराव्या शतकात तर ह्या कथेला युरोपात उधाण आले. याकोबुस दे वोराजिने ह्याने संतचरित्रांचा जो अत्यंत लोकप्रिय संग्रह केला, त्यात जोसाफाताला स्थान मिळाले. जर्मन, फ्रेंच आणि नॉर्वेच्या प्राचीन भाषेत तिची रूपांतरे झाली. बार्सेलोनाच्या इब्न हस्दाय ह्या यहुदी पंडिताने ती हिब्रूत उतरविली. १५५३ मध्ये ती इथिओपियाच्या गीझ भाषेत गेली. त्याच तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२९८ च्या सुमारास, मार्को पोलोने आपला प्रवासवृत्तान्त सांगितला. त्यात सिंहलद्वीपाच्या वर्णनात शाक्यमुनींचे चरित्र आले आहे, आणि हा पुरुष ख्रिस्ती असता तर मोठा संत ठरला असता, अशा आशयाचा अभिप्राय त्याने दिला आहे. बिचाऱ्या मार्कोला ठाऊक नव्हते की, तो पुरुष त्याच्या मायदेशात संत होऊन बसला होता!

आता ही कथा प्रत्यक्ष कोकणपट्टीत येते. पोर्तुगीज ज्या धर्मग्रंथांसह पूर्वेकडे आले, त्यांत जोसाफाताची कथाही होती. दियोगु दु कोउतु हा पोर्तुगीज इतिहासकार १५५९ मध्ये हिंदुस्थानात आला. पुढे १५९५ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या दफ्तरखान्याचा तो रखवालदार झाला आणि गोव्यातच १६१६ मध्ये मरण पावला. १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासाच्या पाचव्या दशकात त्याने बुद्धाची कथा दिली आहे, आणि ती संत जोसाफाताच्या चरित्राशी किती जुळते हे स्पष्टपणे नोंदविले आहे. त्याच ठिकाणी त्याने साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांचा प्रसंग दिला आहे. ही साष्टी गोव्यातील नव्हे, मुंबईजवळची. डोंगराच्या अखंड खडकात खोदलेली ती दालने पाहून त्याने एका वृद्धास विचारले की, हे कोणी केले? वृद्ध म्हणाला की, संत जोसाफाताच्या पित्याने आपल्या पुत्राला एकांतात वाढविण्यासाठी हे करविले, ह्यात शंका नाही. त्यावर दु कोउतु असा तर्क करतो की, जोसाफात हिंदुस्थानच्या मोठ्या राजाचा पुत्र होता, तेव्हा ज्याच्या अद्भुत गोष्टी लोक सांगतात तो बुद्ध म्हणजे हाच असावा.

ह्या प्रसंगावर क्षणभर थांबणे योग्य होईल. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली आणि सुमारे हजार वर्षे तेथे विहार नांदला. पुढे भिक्षू गेले, शिलालेख वाचणारे गेले, आणि ही लेणी कोणाची ह्याचे विस्मरण झाले. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणू लागले, ते ह्याच विस्मरणामुळे. दशावतारांच्या नामावलीत बुद्धाचे नाव राहिले, परंतु त्याचे चरित्र जनमनातून पुसट झाले. आणि अशा वेळी ते चरित्र तुर्फान, बगदाद, जॉर्जिया, ग्रीस, इटली आणि लिस्बन अशी परिक्रमा करून, परके नाव धारण करून, त्याच लेण्यांच्या दारी परत आले होते. वृद्धाचे उत्तर इतिहासाच्या दृष्टीने चुकीचे होते. पण किती थोडे चुकीचे! ती लेणी राजपुत्राला कोंडण्यासाठी खोदलेली नव्हती, त्याच राजपुत्राच्या मागे घर सोडून निघालेल्यांनी राहावे म्हणून खोदलेली होती. दु कोउतुनेही ओळख बरोबर पटविली. क्रम मात्र उलटा लावला. मूळ कोणते आणि सावली कोणती, हे त्याला कळले नाही.

ह्या कथेच्या श्रद्धेची दोन टोके त्याच सोळाव्या शतकात दिसतात. १५७१ मध्ये व्हेनिसच्या अधिपतीने पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव ह्याला संत जोसाफाताच्या अस्थी म्हणून एक अवशेष भेट दिला. पुढे पोर्तुगालचे राज्य स्पेनकडे गेले आणि तो अवशेष फिरत फिरत बेल्जियममधील अँटवर्प नगरात पोचला. दुसरे टोक जपानचे. युरोपास गेलेले जपानी तरुणांचे शिष्टमंडळ गोव्यावरून परतले, आणि त्याच्याबरोबर छापखानाही जपानात गेला. त्या छापखान्यात जेझुइट पाद्रींनी १५९१ मध्ये संतचरित्रांचे एक जपानी पुस्तक छापले. त्यात ही कथा आहे. ज्या देशात घरोघर बुद्धाची उपासना चालू होती, त्याच देशातील लोकांना बुद्धाचा धर्म सोडण्याचा उपदेश करण्यासाठी बुद्धाचेच चरित्र दिले जात होते, आणि देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते.

अखेर १८५९ मध्ये लाबुले ह्या फ्रेंच विद्वानाने, आणि त्यानंतर १८६० मध्ये फेलिक्स लीब्रेख्त ह्या जर्मन पंडिताने, ललितविस्तराशी ताडून पाहून हे रहस्य प्रकट केले. १८७० मध्ये मॅक्समुल्लरने आपल्या व्याख्यानात ते सर्वतोमुखी केले. आणि ज्या अरबी ग्रंथात बिंदूचा तो घोटाळा होण्यापूर्वीचे नाव शिल्लक होते, त्याचा विस्तृत पाठ कोठे छापला गेला? मुंबईत! हिजरी १३०६ मध्ये, म्हणजे इ. स. १८८८-८९ मध्ये, तेथे त्याची शिळाप्रत निघाली. इस्माइली पंथाच्या लोकांनी तो ग्रंथ आपला धर्मोपदेश म्हणून जपून ठेवला होता. दानिएल जिमारे ह्या विद्वानाने १९७१ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर केले. कान्हेरीपासून काही कोसांवर, ज्या नगरीत कोणी कथेच्या उगमाचा शोध घेत नव्हते, त्याच नगरीत त्या शोधाचे एक महत्त्वाचे साधन छापले जात होते.

कथेचा प्रवाह तेथेही थांबला नाही. रशियाचे महर्षी टॉल्स्टॉय ह्यांना वयाच्या पन्नाशीच्या सुमारास जीवनाच्या अर्थाविषयी घोर निराशा आली. १८७९ ते १८८२ ह्या काळात लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी आपली स्थिती विहिरीत लोंबकळणाऱ्या त्याच मनुष्याच्या दृष्टान्ताने वर्णिली आहे, आणि संतचरित्रे वाचताना राजपुत्र जोसाफाताचे, म्हणजे बुद्धाचे, चरित्र वाचल्याचाही उल्लेख केला आहे. टॉल्स्टॉयांच्या ग्रंथांनी दक्षिण आफ्रिकेत असलेल्या मोहनदास गांधींच्या मनावर जो खोल संस्कार केला तो सर्वश्रुत आहे. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ त्यांनी ‘टॉल्स्टॉय फार्म’ स्थापन केले. विदुराने शोकाकुल राजाला सांगितलेला दृष्टान्त रशियातील एका शोकाकुल महापुरुषाच्या उपयोगी पडला, आणि त्याच्या चिंतनाचे ऋण पुन्हा भारताकडे आले.

ह्या वृत्तांतातून दोन सोपी अनुमाने काढण्याचा मोह होतो, आणि ती दोन्ही टाळली पाहिजेत. एक अनुमान अभिमानाचे: ‘ते सर्व आमचेच होते, इतरांनी ते घेतले.’ परंतु ज्यांनी घेतले त्यांनीच ते राखले. मानीपंथी गेले नसते, बगदादचे भाषांतरकार नसते, युथिमियस नसता, तर हा इतिहास घडलाच नसता. ज्या काळात मूळ भूमीला त्या राजपुत्राची आठवण राहिली नव्हती, त्या काळात परक्यांनी त्याच्यासाठी दिवे लावले. दुसरे अनुमान भाबडेपणाचे: ‘सर्व धर्म एकच सांगतात.’ तसेही नाही. बुद्धाने स्वप्रयत्नाने बोधी मिळविली. जोसाफात ईश्वराच्या कृपेला शरण गेला. बुद्धकथेत अखेरचा शब्द ज्ञानाचा आहे, ख्रिस्ती कथेत तो श्रद्धेचा आहे. हा भेद खरा आहे, आणि तो झाकून ठेवल्याने कोणत्याच धर्माचा सन्मान होत नाही. ह्या कथेच्या इतिहासात परस्परांचे देव मोडणारे, परस्परांना पाखंडी म्हणणारे लोकही आहेत. दु कोउतु गोव्यात लिहीत असताना त्याच राज्यात देवळे पाडली गेलेली होती आणि कित्येक कुटुंबे आपले देव घेऊन सीमेपलीकडे गेलेली होती. कथा उदार असली म्हणजे तिचे वाहक उदार असतातच असे नव्हे.

मग टिकले ते काय? सर्व रूपांतरांत एक प्रश्न टिकला. सर्व काही लाभलेला एक तरुण रस्त्यावर एक जर्जर देह पाहतो आणि विचारतो, ‘मलाही हे होईल काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक धर्माने आपल्या परीने दिले. परंतु प्रश्न कोणालाही बदलता आला नाही, कारण तो कोणा एका धर्माचा नाही, देहधारी मनुष्यमात्राचा आहे. बिंदू चुकला, नाव चुकले, देश आणि काळ चुकला. प्रश्न मात्र एका अक्षरानेही चुकला नाही.

आणि आणखी एक गोष्ट मठाच्या ह्या मंगल प्रसंगी स्मरणात ठेवण्यासारखी आहे. ह्या प्रवासात राजांचा वाटा अल्प आहे. कथेने जेथे जेथे मुक्काम केला ती स्थाने पाहिली तर बौद्धांचे विहार, मानीपंथीयांचे आश्रम, जॉर्जियन साधूंचे निवास, अॅथॉस पर्वतावरील इव्हिरोन, सिनाईचा मठ, जेरुसलेमचे धर्मपीठ, ही सारी संसाराबाहेरच्या माणसांची घरे आहेत. तेथे कोणी एक लिपिकार दिव्याच्या उजेडात बसून जुन्या पोथीवरून नवी पोथी उतरवीत होता. त्यांतील दोघा-चौघांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत, बाकीच्यांची नाहीत. आपण लिहीत आहोत ती कथा कोठून आली आणि कोठे जाणार, हे त्यांतील एकालाही माहीत नव्हते. त्यांचे काम एवढेच होते की, हातात आलेले पान जीर्ण होऊन नाहीसे होण्यापूर्वी दुसऱ्या पानावर उतरवावे. त्यांनी ते केले, म्हणून दीड हजार वर्षांनंतरही त्या राजपुत्राची पावले मोजता येतात. मठांच्या भांडारांत जी बासने बांधलेली असतात, त्यांतील कोणते पान पुढे कोणत्या देशी, कोणाच्या शोकाला उपयोगी पडेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. ते बासन उघडून, झाडून, पुन्हा नीट बांधून ठेवणे एवढेच ज्याच्या त्याच्या हाती असते.